बडतर्फी, दाद व लहान धन्याची सूट

बडतर्फ हा शब्द आपल्या जुन्या कागदांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. मूळ फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे एका बाजूस केलेला. मराठी तोंडीं त्याचा बर्तर्फ व पुढें बडतर्फ झाला. पेशवाईंतील कागदांत कारकून, शिलेदार, किल्ल्यावरील लोक यांस दूर केल्याचे उल्लेख वरचेवर येतात, आणि असा उल्लेख बहुधा एका वाक्यांत संपतो. उलट वतनाचा कागद पाहावा. पाटीलकी, कुळकर्ण किंवा एखादें बलुतें यांवरून तंटा पडला कीं गोत बसे, मजलस भरे, उभय पक्षांचे करीने लिहून घेतले जात, साक्षी होत, प्रसंगीं दिव्यहि होई, आणि अखेरीस महजर होऊन त्यावर हजिर मजलसीच्या निशाण्या पडत. ‘मला कां काढलें’ हा प्रश्न विचारण्यास वतनदाराला जागा होती. चाकरास ती नव्हती. चाकराची अर्जी असे, पण ती कृपेची याचना, हक्काची फिर्याद नव्हे. आपल्या इकडील संग्रहांत वतनाचे महजर विपुल व चाकराच्या बडतर्फीचे निवाडे विरळा, याचें कारण आमच्या मतें हेंच होय.

हा प्रश्न विचारण्याची जागा पगारी माणसास इकडे केव्हां व कशी मिळाली, आणि ती मिळत असतां लहान धन्याकडील माणूस तिच्याबाहेर कसा राहिला, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. विषय कोर्टकचेरीचा असून त्यांतील बराचसा भाग गेल्या शंभर वर्षांतला आहे, तेव्हां तो इतिहाससंशोधकाचा नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु निवाडपत्र तें निवाडपत्र. त्यावर पंतप्रधानांचें मोर्तब असो कीं कामगार न्यायालयाचा रबरी शिक्का असो. त्यांतून समाजाची घडण सारखीच वाचतां येते.

आरंभींचा कायदा सरळसरळ धन्याच्या बाजूचा होता. १८५९ च्या तेराव्या कायद्यानें, आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास किंवा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करतां येई. पैसे परत कर किंवा काम पुरें कर असा हुकूम होई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. धन्यानें मधेंच काम काढून घेतलें तर काय, याविषयीं तो कायदा मुका आहे. त्याच १८५९ सालीं बोरघाटांत आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, व पुढच्या वर्षीं आगगाडी, कालवे आदि कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें तडकाफडकीं तोडावे असा निराळा कायदा झाला. तोहि मजुरीपुरता, चाकरी टिकण्याचा प्रश्न त्यांत नाहीं. तेरावा कायदा रद्द करण्याचें ठरावयास १९२५ साल उजाडावें लागलें. सहासष्ट वर्षें कामगारानें चाकरी सोडणें हा गुन्हा आणि धन्यानें चाकरी तोडणें हा त्याचा खासगी मामला, अशी ही स्थिति होती.

मनुष्यसंख्येचा उंबरठा इकडील कामगार कायद्यांत ठळकपणें दिसतो तो १८८१ च्या कारखाना कायद्यांत. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसें असणाऱ्या कारखान्यांसच तो लागू होता. १८९१ सालीं हा आंकडा पन्नासावर आला, १९२२ सालीं विसावर, आणि १९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्ति असल्यास दहावर व नसल्यास विसावर. या कायद्यांचा विषय कामाचे तास, मुलें, स्त्रिया, यंत्रांस कठडे असा होता, बडतर्फी नव्हे. तरी पुढें जे आंकडे बडतर्फीच्या कायद्यांत शिरले त्यांचें बीज येथेंच आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा या संख्या कोणी शास्त्रीय मोजमाप करून काढल्या नाहींत. सरकारी तपासनीस किती ठिकाणीं पोहोंचूं शकेल आणि लहान मालकांचा किती विरोध सोसवेल, यांची ती तडजोड होती.

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढें ठेविला, हें प्रसिद्धच आहे. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा, आणि कामावर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा पंगू झाल्यास निर्वाहाची सोय, या त्यांतील मागण्या. ‘विनाकारण काढूं नये’ ही मागणी त्यांत नाहीं. लोखंड्यांसारख्या दक्ष पुरुषाच्या नजरेंतून ती सुटली असें आम्हांस वाटत नाहीं. चाकरी ही धन्याच्या मर्जीची वस्तु आहे, ही कल्पना त्या काळीं इतकी मुरलेली होती कीं मागणी करावयाची ती चाकरी असतांनाच्या सुखदुःखाची, असाच संकेत होता.

गिरणींत ही मर्जी प्रत्यक्षांत मालकाची नसून जॉबराची होती. माणूस भरणें, बदली देणें, काढणें, सर्व त्याच्या हातीं. आणि त्याबद्दल दस्तुरी घेणें हाहि त्याचा रिवाज. व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत भरतीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबराकडून काढून घ्यावा असें सुचविलें. तत्पूर्वीं १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर फॉसेट कमिटीपुढें गिरण्यांच्या स्थायी आदेशांचा खल झाला होता. १९२९ चा सार्वत्रिक संप पेटण्यास तर वाडिया समूहाच्या गिरण्यांतून कमी केलेल्या कामगारांचा प्रश्नच मुख्यत्वें कारण झाला. बडतर्फी हा आतां एकट्या माणसाचा गाऱ्हाण्याचा विषय न राहतां संपाचा विषय झाला, आणि संपाचा विषय झाल्यावर सरकारास त्यांत लक्ष घालणें भाग पडलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या ठिकाणीं संप होऊं शकतो त्या ठिकाणींच कायदा प्रथम पोहोंचला. चार माणसांच्या दुकानांत संप होत नाहीं.

१९३८ चा मुंबई औद्योगिक तंट्यांचा कायदा खेर मंत्रिमंडळानें आणिला. त्याच्या संपबंदीच्या कलमांविरुद्ध डॉ. आंबेडकर, डांगे प्रभृतींनीं ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं एक दिवसाचा संप केला, तो इतिहास बहुश्रुत आहे. मात्र त्याच कायद्यानें स्थायी आदेश तयार करून ते मंजूर करून घेणें मालकावर बंधनकारक केलें, याची आठवण कमी काढली जाते. हीच कल्पना १९४६ च्या विसाव्या कायद्यानें साऱ्या हिंदुस्थानभर नेली. तो मंजूर झाला तेव्हां मजूरखातें डॉ. आंबेडकरांकडेच होतें. चाकरी संपविणें व त्याची नोटीस, गैरवर्तन म्हणजे काय व त्याची शिक्षा, अन्यायाच्या वागणुकीविरुद्ध दाद कोणाकडे, हे विषय त्याच्या परिशिष्टांत आले. परंतु मर्यादा शंभर कामगारांची! शंभर माणसें त्या दिवशीं किंवा मागील बारा महिन्यांत कोणत्याहि दिवशीं असावीं, तरच कायदा लागू. आपल्या राज्यांत पुढें हा आंकडा पन्नासावर आणण्यांत आला. शिवाय पहिल्या दहा वर्षांत मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास आदेश न्याय्य आहेत कीं नाहींत हें पाहण्याचा अधिकारच नव्हता. तो १९५६ च्या दुरुस्तीनें आला.

आतां मुख्य निवाड्याकडे वळूं. १८७७ च्या विशिष्ट दाद कायद्याप्रमाणें वैयक्तिक चाकरीचा करार कोर्ट जबरदस्तीनें पाळावयास लावीत नसे. माणूस चुकीनें काढला तर फार तर नुकसानीचे पैसे. चाकरी परत नाहीं. १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यानंतर मुंबई सरकारनें वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ह्या मोटारधारकांच्या संस्थेंतील नोकरांचा तंटा न्यायाधिकरणाकडे सोंपविला. काढलेल्यांस कामावर परत घ्यावें ही त्यांतील एक मागणी. ती न्यायाधिकरणाच्या कक्षेंत येतच नाहीं असा संस्थेचा पक्ष होता. १९४९ सालीं फेडरल कोर्टानें तो अमान्य केला. तंट्याच्या व्याख्येंत ‘रोजगार’ या शब्दाबरोबर ‘रोजगार नसणें’ असाहि शब्द आहे. माणसास काढणें हें त्याच्या रोजगार नसण्याचेंच रूप. तेव्हां त्यास परत घेण्याचा हुकूमहि अधिकारांत बसतो, असा निर्णय न्या. महाजन यांनीं दिला. औद्योगिक न्यायाधिकरण केवळ जुना करार वाचीत नाहीं, तें नवीं कर्तव्येंहि घालूं शकतें, हें त्यांतील तत्त्व. वतनदाराच्या पदरीं जें पूर्वापार होतें, तें ‘गेलेली जागा परत’ हें फळ, पगारी माणसाच्या वाट्यास या निवाड्यानें प्रथम निश्चितपणें आलें. पुढें १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यांत मालकाच्या निर्णयांत केव्हां हात घालावा हें ठरवून दिलें: सद्भाव नसणें, सूडबुद्धि किंवा अनुचित प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा मूलभूत चूक, आणि पुराव्यास सोडून काढलेला निष्कर्ष.

या १९४७ च्या कायद्यांत बडतर्फीच्या तंट्यास मनुष्यसंख्येची अट नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कागदावर पाहतां पांच नोकरांच्या दुकानासहि तो लागू. तरी लहान धन्यास सूट मिळाली, आणि ती कायद्याच्या कलमांत न मिळतां ‘तंटा’ या एका शब्दाच्या अर्थांत मिळाली. कायद्यास अभिप्रेत तंटा म्हणजे मालक व कामगारवर्ग यांचा तंटा. एकट्याचें गाऱ्हाणें म्हणजे औद्योगिक तंटा नव्हे. संघटनेनें किंवा सहकाऱ्यांपैकीं बऱ्याच जणांनीं तें आपलेंसें केलें तरच तें त्या पदवीस चढतें. नागपूरच्या एका मोटार वाहतूक कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९५६ मध्यें हा सामान्य नियम मांडला. त्या विशिष्ट प्रकरणीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या स्वतंत्र कायद्याच्या शब्दरचनेमुळें काढलेल्या नोकराचा अर्ज टिकला ही गोष्ट वेगळी.

नियमाचा खरा चटका १९६१ सालीं दिसला. मद्रासच्या ‘हिंदू’ पत्राच्या मुंबई कचेरींतील एका माणसाची चाकरी संपविण्यांत आली, व मुंबईच्या पत्रकार संघानें त्याची बाजू घेतली. कचेरींत माणसें इनमीन दहा. त्यांतील सात व्यवस्थेकडील व तीन पत्रकारितेकडील, आणि संघाचे सभासद अवघे दोन. न्यायालयानें म्हटलें कीं संघ शहरांतील पत्रकारांचा आहे, त्या धन्याच्या नोकरांचा नव्हे. बाहेरच्या सभासदांच्या पाठिंब्यानें एकट्याचें गाऱ्हाणें तंटा होत नाहीं. अपील फेटाळलें गेलें. बडतर्फी रास्त होती कीं अन्यायाची, हा प्रश्न अखेरपर्यंत उघडलाच नाहीं!

या निवाड्यावर टीका करणें सोपें आहे. शब्दार्थाच्या दृष्टीनें तो अगदींच बेजबाबदार नव्हता, कारण औद्योगिक शांतता राखण्यासाठीं केलेल्या कायद्यांत एकट्याची शांतता कोणास भंगतां येत नाहीं. पण फळ पाहावें. हजार माणसांच्या गिरणींतल्या कामगारास पाठीशीं शंभर हात मिळत. दहा माणसांच्या कचेरींतल्यास ते आणावयाचे कोठून? आणि जे आठनऊ सोबती असत तेहि त्याच धन्याच्या नजरेसमोर बसत. गोतांत माणसें नाहींत म्हणून वतनाचा वाद ऐकला नाहीं असें आमच्या माहितींतील जुन्या न्यायपद्धतींत घडत नसे; गांवचें गोत अपुरें पडल्यास शेजारच्या गांवचें बोलावीत. येथें शेजारचें गोत आलें होतें, तें परत पाठविण्यांत आलें.

चारच वर्षांनीं १९६५ सालीं संसदेनें कलम २-अ घातलें. काढून टाकलेल्या एकट्या कामगाराचा वादहि औद्योगिक तंटा समजावा, मग दुसरा कोणी कामगार किंवा संघटना त्यांत असो वा नसो. आमच्या मतें लहान धन्याकडील नोकराच्या इतिहासांत या चार ओळींइतकी मोलाची दुसरी दुरुस्ती नाहीं. तरीहि मधें सरकारची चौकी राहिलीच. सरकारनें तंटा ‘सोंपविला’ तर न्यायालय, एरव्हीं नाहीं. ती चौकी २०१० च्या दुरुस्तीनें उठली; समझोता अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर पंचेचाळीस दिवसांनीं कामगारास थेट न्यायालयांत जाण्याची वाट मिळाली.

दुकानदारीच्या बाबतींत मुंबई प्रांतानें उलट दिशेनें आरंभ केला होता. १९३९ चा मुंबईचा दुकानांचा कायदा हा देशांतील त्या जातीचा पहिला, व १९४८ चा त्याचा सुधारलेला अवतार. यांत मनुष्यसंख्येचा उंबरठा नाहीं. एका गुमास्त्याचें दुकान व शंभर कारकुनांची पेढी दोन्ही त्याखालीं. १९४८ च्या कायद्याचें कलम ६६ सांगतें कीं वर्षभर सलग चाकरी झालेल्यास तीस दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि तीन महिन्यांवर पण वर्षाच्या आंत असल्यास चौदा दिवसांची. गैरवर्तनाबद्दल काढल्यास नोटीस नको. कारण सांगण्याची सक्ति त्यांत नाहीं, तरी ‘उद्यांपासून येऊं नकोस’ या जुन्या वाक्यास त्यानें किंमत लाविली. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र कायद्यानें या परंपरेस छेद दिला. दहांहून कमी माणसांच्या दुकानानें फक्त सूचना द्यावी, बाकीच्या तरतुदी दहा व अधिकांसच. आणि २०२५ च्या अध्यादेशानें हा आंकडा विसावर गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीं ज्या कायद्यास एका गुमास्त्याचें दुकानहि लहान वाटलें नव्हतें, त्याच्या वारसास एकोणीस नोकरांचें दुकान लहान वाटतें. अर्थात् दुकानाच्या कायद्याखालून सुटलें म्हणजे औद्योगिक तंट्यांच्या कायद्याखालूनहि सुटलें असें नव्हे. पण दुकानदाराच्या व नोकराच्याहि समजुतींत बहुधा तसेंच होतें.

बार्शीचें प्रकरण इकडील वाचकांस जवळचें वाटेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली व पुढें लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें ती ताब्यांत घेतली, व कंपनीनें आदल्या दिवसापासून सर्वांची चाकरी संपल्याची नोटीस दिली. बहुतेकांस सरकारनें पुन्हा ठेवून घेतलें, तरी कपातीची भरपाई मिळावी असा कामगारांचा दावा होता. मीरत खटल्यांतील आरोपी म्हणून प्रसिद्ध असलेले के. एन. जोगळेकर यांच्या नांवानें तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९५३ च्या दुरुस्तीनें कपातीबद्दल एक महिन्याची नोटीस व दर वर्षाच्या चाकरीस पंधरा दिवसांचा पगार ठरविला होता. पण चालत्या धंद्यांतील जादा माणसें कमी करणें म्हणजे कपात. धंदाच संपला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे, असें २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं ठरलें. सरकारनें १९५७ सालीं दुरुस्ती करून हस्तांतर व बंदी या दोन्ही प्रसंगीं भरपाई दिली, आणि तिचा अंमल मागें नेऊन २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निवाड्याच्या दुसऱ्याच दिवसापासून धरला. ज्यांच्या दाव्यामुळें दुरुस्ती झाली त्या बार्शीकरांस ती एका तारखेनें चुकली. बंदीपूर्वीं साठ दिवसांची सूचना देण्याचें कलम १९७२ सालीं आलें, तेव्हां पन्नासांहून कमी कामगारांच्या धन्यास त्यांतून सूट होती.

विड्यांच्या कारखान्यांत तर ‘धनी कोण व नोकर कोण’ हेंच आधीं ठरावें लागे. १९६१ च्या आरंभीं नागपूरच्या एका कारखान्यांतील विडी वळणारे कायद्याचे कामगार ठरले, कारण त्यांच्या हजेरीवर व कामावर मालकाचा ताबा होता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत सिन्नरच्या कारखान्यांतील वळणारा मात्र कामगार ठरला नाहीं, कारण तो वाटेल तेव्हां येई व जाई. दोन्ही ठिकाणीं वाद भरपगारी रजेचा. पान तेंच, तंबाखू तीच, हात तसेच. निवाडे मात्र दोन. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें घरीं बसून वळणाऱ्यांसहि कवेंत घेतलें, आणि सहा महिने चाकरी झालेल्यास वाजवी कारण व एक महिन्याची नोटीस यांवांचून काढूं नये असें कलम ३१ मध्यें घातलें. यांत कारणाची अट आहे हें विशेष. अत्यंत विखुरलेल्या, अत्यंत लहान धन्यांच्या धंद्यांत कारणाची अट घालतां आली, तर इतरत्र ती अशक्य असें म्हणतां येत नाहीं.

महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा कायदा १९७१ चा. अंमल ८ सप्टेंबर १९७५ पासून. त्याच्या चौथ्या परिशिष्टाचें पहिलें कलम म्हणजे अन्याय्य बडतर्फीची यादीच आहे: सूड म्हणून काढणें, अधिकाराचा देखावा करून काढणें, खोट्या फौजदारी आरोपांत गुंतवून काढणें, उघड खोटीं कारणें देणें, गैरहजेरीचा कपोलकल्पित ठपका ठेवणें, चौकशीच्या नियमांची पायमल्ली करून घाईनें काढणें, किरकोळ चुकीस भलतीच शिक्षा देणें. फिर्याद नव्वद दिवसांत. मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रकरणास पन्नास कामगारांची अट आहे, परंतु या यादीस संख्येची अट नाहीं. ज्या कोणी ही यादी रचिली त्यांनीं धन्यांच्या युक्त्या जवळून पाहिल्या असल्या पाहिजेत. जुन्या ताकीदपत्रांतील ‘येणेंप्रमाणें न करणें’ या कलमबंदीची ती आठवण करून देते.

१९७८ सालीं बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यांत सात न्यायाधीशांनीं ‘उद्योग’ शब्दाचा अर्थ फार विस्तृत केला. तरी न्या. कृष्ण अय्यर यांनीं एक छोटें दार उघडें ठेविलें. एकट्या वकिलाची एका कारकुनानिशीं चालणारी कचेरी, गुरुकुलें, लहानशा संशोधनशाळा, जेथें पगारी माणूस केवळ नांवापुरता आहे, तेथें उद्योग मानूं नये. एका लेखनिकावर व एका शिपायावर दप्तरें सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या मंडळांनीं हें वाक्य जपून वाचावें. सुटकेसाठीं नव्हे, तर त्या शिपायाची दाद कोठें लागेल हें समजावें म्हणून.

यानंतर आंकडे पुन्हा चढूं लागले. १९७६ सालीं कपातीस व बंदीस सरकारची पूर्वपरवानगी लागेल असें प्रकरण आलें, तें तीनशें कामगारांच्या कारखान्यांस. १९८२ च्या दुरुस्तीनें, जिचा अंमल १९८४ पासून झाला, तें शंभरावर उतरलें. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तींत परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशें, आणि स्थायी आदेशांचीहि तीनशें. १९४६ चा शंभरांचा लहान धनी आज तीनशेंपर्यंत वाढला आहे. १९४६ व १९४७ हे दोन्ही कायदे त्या दिवशीं इतिहासजमा झाले, म्हणजे आमच्या कक्षेंत आले.

लहान धन्याचा पक्ष अगदींच पोकळ आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. चार माणसांच्या दुकानांत मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. विश्वास उडालेला माणूस त्याच्या शेजारीं पुन्हा बसविणें हें गिरणींत पुन्हा एक नंबर देण्यासारखें सोपें नाहीं. आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीदार यांचा सरंजाम त्यास परवडत नाहीं, आणि दहा वर्षें खटला चालून मागील पगारासह परत घेण्याचा हुकूम झाला तर दुकानच बसावयाचें. पण या युक्तिवादानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं त्यास विधीची सूट द्यावी, परत घेण्याऐवजीं पैशाची भरपाई ठरवावी. कारण न सांगण्याची सूट त्यांतून निघत नाहीं. आणि सूट संख्येवर बांधली कीं संख्या धन्याच्या हातांत असते हें विसरून चालत नाहीं. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील मागवाल्यांनीं एका छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नांवें वेगवेगळे दाखवून कारखाना कायद्याचा आंकडा चुकविला, ही गोष्ट त्या गांवांत कोणी लपवीत नाहीं.

आतां साधनांविषयीं दोन शब्द. संख्येच्या उंबरठ्यानें जशी दाद वांटली तसे कागदहि वांटले. शंभरांवरच्या कारखान्याचे मंजूर स्थायी आदेश सरकारी दप्तरीं मिळतात, तंटे न्यायाधिकरणाच्या निवाड्यांत व राजपत्रांत मिळतात. लहान धन्याचा नोकर तेथें नाहीं. तो असलाच तर खासगी वह्यांत आहे: हजेरीवहींत, रोजमेळांत, उचलीच्या खात्यांत. अशा वह्या संग्राहक सहसा घेत नाहींत, कारण त्यांवर शिक्का नसतो व त्यांचा कागदहि हलका असतो. १९५३ नंतरच्या वह्यांत एक खूण पाहण्यासारखी असते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले कीं कपातीची नोटीस व भरपाई देणें लागे. म्हणून तो आंकडा भरत येतांच नांवापुढें ‘ब्रेक’ लिहून आठपंधरा दिवस रकाना कोरा ठेवीत, व मग तेंच नांव नव्या अनुक्रमांकानें पुन्हा लिहीत. ज्या वहींत एकच माणूस तीन वर्षांत चार अनुक्रमांकांनीं येतो, तेथें हा हिशेब चाललेला आहे असें समजावें. त्याच्या नांवापुढची शेवटची हजेरी आणि रोजमेळांत त्या सुमारास ‘नोटीस पगार’ म्हणून कांहीं रक्कम खर्ची पडली आहे कीं नाहीं, या दोन जागा आधीं ताडून पाहाव्या, आणि वही रद्दीवाल्याकडून घेतांना रोजमेळ तिच्यासोबतच मागून घ्यावा.